साल असेल तेवढंच

आमच्या बाई चारचौघांत बसल्या की फक्त सालीतलं खायच्या. केळं, संत्रं, उकडलेलं अंडं, भाजलेल्या शेंगा, हिवाळ्यात हरभऱ्याचे घाटे. आपल्या हातानं सोलायचं, आपल्याच तोंडात टाकायचं आणि सालं कागदात बांधून घरी न्यायची. हो, सालंसुद्धा. दुसऱ्याच्या दारात टाकायच्या नाहीत. लग्नाच्या पंगतीत मी त्यांना कितीदा बघितलंय. सगळ्यांच्या ताटात बुंदी, मठ्ठा, गरम पुऱ्या, आणि बाई कोपऱ्यात खुर्ची ओढून पिशवीतलं केळं सोलतायत. वाढपी आग्रह करायला आला तर म्हणायच्या, "माझं पथ्य आहे." कसलं पथ्य ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्यावर लिहायचं लिहायचं म्हणून मी दोनदा वही उघडली आणि मिटली. मी काही लिहिणारी नव्हे. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं इकडून तिकडून वाचून, विचारून. पण बाईंचं कुणी लिहिणार नाही हेही मला ठाऊक आहे, कारण त्यांना माणूसच उरलेलं नाही. म्हणून बसले.

आमची ओळख बियाण्याच्या लॅबमधली. तालुक्या-तालुक्यांतून बियाण्याचे नमुने यायचे, पिशवीवर तालुक्याचं नाव लिहिलेलं. त्यातले मोजून शंभर दाणे घ्यायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि उबदार खोलीत ठेवायची. ठरलेल्या दिवशी उघडून शंभरातले किती उगवले ते वहीत लिहायचं. एवढंच काम. मी, शकीला आणि मंगल अशा आम्ही तिघी, आणि आमच्यावर बाई. आम्हाला नावं होती हे बाईंना बहुधा ठाऊकच नव्हतं. त्या आम्हाला पिशव्यांवरच्या नावांनीच हाक मारायच्या. मंगल वैजापूरची म्हणून ती वैजापूर, मी गंगापूर. शकीला शहरातच जन्मलेली, तिला नुसतं "शहर" म्हणायच्या. "ए गंगापूर, तुझी तूर भिजली का?" "शहर, तुझं तोंड लई चाललंय, हात चालव." शकीला म्हणायची, "बाई, मेरे कू भी एक तालुका दे दो ना, ये शहर शहर अच्छा नहीं लगता."

बाई स्वतः सोयगावकडच्या. जमीनजुमलेवाल्या घरच्या, मॅट्रिक झालेल्या, आणि नवऱ्यानं टाकलेल्या. टाकलेल्या म्हणजे काय, त्यानं दुसरी केली आणि ह्या शहरात आल्या, एवढंच आम्हाला माहीत. गारखेड्याला एका खोलीत राहायच्या. त्या खोलीत मी चाळीस वर्षांत दोनदा गेले असेन, दोन्ही वेळा उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून मिळाली.

मोजायचा नाद त्यांना असा लागलेला की माणसंसुद्धा शंभरात मोजायच्या. लग्नात नवरा-नवरी बोहल्यावर उभी असताना माझ्या कानात म्हणणार, "पंचावन्न. त्याच्या वर उगवण नाय ह्याची." एकदा असंच म्हणाल्या आणि खरंच ती दोघं दोन वर्षांत वेगळी झाली. आमचे एक साहेब होते, गोरेपान, सूटबूटवाले. त्यांना बघून बाई म्हणाल्या होत्या, "दाणा टपोरा दिसतो. आत भुंगा आहे." तेही खरं निघालं. पण त्यांचं एक सांगणं मला जास्त आठवतं. जे दाणे उगवत नाहीत ते सगळे मेलेले नसतात. बाई असा दाणा अंगठा आणि बोटाच्या मधी धरून हळूच दाबायच्या. पचकन फुटला आणि वास आला तर मेलेला. दाबूनही खड्यासारखा राहिला तर कडक. त्याचा रकाना वेगळा. मी नवी असताना सगळे एकाच रकान्यात ढकलले, तर वहीवर टिचकी मारून म्हणाल्या, "कडक बी मेलेलं नसतं गं. आत जिवंत असतं. त्याची साल पाणी आत घेत नाय, एवढंच. घाईघाईनं मढ्यात मोजू नको."

हे सगळं त्यांनी मला शिकवलं. पिकांची इंग्रजी नावं पाठ करून घेतली, अहवाल लिहायला बसवलं, सातवी पास बाईला कायम कसं करायचं म्हणणाऱ्या साहेबांशी माझ्यासाठी भांडल्या. हे मी विसरत नाही. पण दुसरंही विसरत नाही. ते आता सांगते.

मी लागले तो वैशाखाचा महिना. पोटात माझा थोरला, पाचवा महिना. लॅबच्या दाराशी माठ होता, माठावर सगळ्यांचा मिळून एक गिलास. पलीकडं भिंतीला खिळा होता आणि त्या खिळ्याला एक स्टीलचा गिलास टांगलेला. माठावरचा गिलास कुणीतरी नेलेला. मला तहान तर अशी लागलेली की जीभ टाळूला चिकटली. मी खिळ्याचा गिलास काढला, बुडवला आणि ओठाशी नेला. बाई त्या टोकाकडून धावत आल्या. अक्षरशः धावत. माझ्या हातातून गिलास हिसकावला, निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर. "तोंड लावलंस का? सांग ना, लावलंस का तोंड? लावलंस?" असं तीनदा विचारलं, सगळ्यांच्या देखत. मी म्हणाले, नाही. मग त्यांनी शेगडीवर पाणी उकळलं आणि माझ्यासमोर तो गिलास उकळत्या पाण्यानं धुतला.

आता मी बौद्ध घरातली. माझा बाप गंगापूर तालुक्यात ज्यांच्या शेतावर राबायचा, त्यांच्या ओट्याखाली बसून आम्हाला कान तुटलेल्या कपात चहा मिळायचा, तोही वरून ओतलेला. तो कप आम्हीच विसळून कोनाड्यात ठेवायचा. लहानपणीच मला कळलेलं की कुठला गिलास कुणाचा असतो. तर त्या दिवशी लॅबमध्ये मला काय कळलं हे काही वेगळं सांगायला नको. घरी जाऊन मी रडले नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाले, "शहरात आलो, पण खिळा तिथंच आहे."

त्यानंतर एक एक गोष्ट जुळतच गेली. आमच्या डब्यांना बाई कधी शिवल्या नाहीत. दुपारी जेवायला वेगळ्या बसायच्या, खिडकीकडं तोंड करून. माझ्या नव्या घराच्या घरभरणीला आल्या, वंदना होईपर्यंत अंगणात उभ्या राहिल्या, आणि पंगत बसली तेव्हा आंब्याच्या झाडाखाली जाऊन केळं सोललं. माझी नणंद मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "फळाला विटाळ नसतो म्हणं." बाईंनी ऐकलं. सालं कागदात बांधली. मालक रात्रभर माझ्यावर चिडलेले. "कशाला बोलावतेस तिला? अपमान करून घ्यायची हौस आहे का?"

तरी मी बोलावत राहिले. रिटायर झाल्यावरही आम्ही चौघी वर्षातून एकदा भेटायचो, थंडीत, दुपारच्या वेळी, बहुतेक इडलीडोशाच्या हॉटेलात. आम्ही डोसे खायचो, बाई संत्रं सोलायच्या. वेटर ओशाळायचा, आम्ही नाही.

आता मागल्या थंडीची गोष्ट. दिवाळीत नात पुण्याहून आली होती. ती मला इथल्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेली. टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेली, तिच्यावर पाण्याचं मोठं भांडं, त्यात मसाल्याचं पातळ सार उकळत असतं. भाज्या, मश्रूम, पनीर, शेवया कच्च्याच आणून ठेवतात. आपण त्या भांड्यात सोडायच्या, शिजल्या की पळीनं काढून खायच्या. सगळ्यांचे चमचे, सगळ्यांच्या पळ्या त्याच एका भांड्यात. नात म्हणाली, "आजी, ह्याला हॉटपॉट म्हणतात." मी त्या भांड्याकडं बघत राहिले आणि माझ्या मनात बाईच आल्या. बाईंना इथं आणायचं. बघू काय करतात.

सरळ सांगते, मला त्यांना खाऊ घालायचं नव्हतं. मला बघायचं होतं. बाई आता ऐंशीच्या पुढं गेलेल्या, मी सत्तरीला टेकलेली. माझ्याबरोबर एका भांड्यात त्या चमचा बुडवतात का, हे मला मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. नाही बुडवला तर तोंडावर विचारायचं होतं.

फोन केला तर बाई म्हणाल्या, "तिथं सालीतलं काय मिळतं?"

"मिळतं की," मी म्हणाले. खोटं बोलले.

रविवारी दुपारी जमलो. बाई रिक्षातून उतरल्या तेव्हा मला जरा धसकाच बसला. वर्षात अंग अर्ध्यावर आलेलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तरी हातात पिशवी होतीच, आणि पिशवीत काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं.

आत गेल्यावर शकीलानं शेगडी बघितली आणि म्हणाली, "ये तो शादी का बावर्चीखाना है. बैठने की जगह चूल्हे के ऊपर दी."

मंगल म्हणाली, "म्हंजे शिजवायचं आपणच? मग घरी काय वाईट होतं? सून तरी बघायला नसती."

"तेरी बहू तेरे कू पकाने देती क्या? हाथ तो लगाने देती क्या गॅस कू?"

"नाय देत. म्हणून तर आले."

बाई हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे नाकातून एक बारीक वारा. "वैजापूर, तुझ्या सुनेची उगवण मी लग्नातच सांगितली होती."

"सांगितली होती बाई. तवा माझ्या नशिबानं ऐकलं नाय."

वेटर आला. त्यानं विचारलं, "पार्टिशनवालं भांडं आणू का सिंगल?" नातीबरोबर आले होते तेव्हा मी ते बघितलेलं. भांड्याच्या मधोमध पत्र्याची भिंत असते, एका बाजूला तिखट, एका बाजूला फिकं. शकीला काहीतरी म्हणणार होती तेवढ्यात मीच बोलले.

"मधी भिंत नको. सगळ्यांचं एकच आण."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मला वाटतं त्यांना तिथंच कळलं.

भांडं आलं. वाफ सुटली. मंगलनं पालक सोडला, मी मश्रूम सोडले, शकीलानं मक्याचे तुकडे सोडले आणि खायला दिलेल्या दोन लाकडी काड्यांपैकी एक केसांच्या अंबाड्यात खोचली, म्हणाली, "इस काम के लिए बराबर है." आम्ही वाट्या भरल्या. बाईंनी पिशवीतून संत्रं काढलं, साल सोलली, कागदावर नीट ठेवली, आणि एक एक फोड खायला लागल्या. समोर ते भांडं आमच्या तिघींसाठी उकळत होतं.

मी दोन चमचे सार प्याले. वाटी बाजूला सारली. मग मी म्हणाले, "बाई, एक विचारू का?"

"विचार."

"चाळीस वर्षं झाली. आता आपल्यातल्या कोण किती राहणार सांगता येत नाही. अजून विटाळ होतो का माझा?"

शकीलाचा हात थांबला. "अगे, क्या बोल रही तू. खाना खाने आये ना अपन."

"खाणंच विचारतेय मी."

मंगलनं मान खाली घातली. बाईंनी हातातली फोड कागदावर ठेवली. बोटं पदराला पुसली. मला वाटलं उठून जातील. त्या उठल्या नाहीत.

"तुला तसं वाटतं, हे मला त्या गिलासाच्या दिवसापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मला क्षय झाला होता. एकोणिसाव्या वर्षी, सासरी. माझं ताट वेगळं केलं. गोठ्याच्या भिंतीला खिळा मारला, त्याला माझा गिलास टांगला. कुणी हात लावायचा नाय. मला एक मुलगी होती. दीड वर्षाची."

आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं. वीस वर्षं एका खोलीत दाणे मोजले. बाईंना मूल होतं हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

"तिला माझ्यापशी येऊ देत नव्हते. पण दुपारी घर निजलं की ती दुडूदुडू यायची. माझ्या ताटातला भात मागायची. मी भरवायची. मला बरं वाटायचं ना. दिवसभर माणूस शिवत नाय, आन हे लेकरू मांडीवर येऊन बसतंय." भांड्यातलं पाणी उतू जायला लागलं तसं मंगलनं शेगडीचं बटण फिरवलं. "तिच्या मेंदूत गेलं ते. अकरा दिवस काढले तिनं. मी जगले."

"बाई," शकीला म्हणाली आणि अंबाड्यातली काडी काढून टेबलावर ठेवली.

"इथं येऊन दीड वर्ष औषध घेतलं. पार बरी झाले. डॉक्टर म्हणाला, बाई, हे ताटानं होत नाय, श्वासानं होतं. आन आता तुम्हाला तेबी राहिलं नाय. मी म्हणलं, साहेब, श्वास कुठं वेगळा ठेवू? ताट तेवढं ठेवता येतं." मग माझ्याकडं वळल्या. "तुझ्या पोटात पोर होतं. तुझ्या ओठाशी तो गिलास बघितला आन मला दुसरं काय दिसलंच नाय. उकळत्या पाण्यानं धुतला तो त्याच्यासाठीच."

मला खरं तर तेव्हाच विरघळायला पाहिजे होतं. वाचणाऱ्याला वाटेल विरघळलीच असेल. पण माणसाचा राग चाळीस वर्षं मुरलेला असला की त्याला एकदम जागा सोडता येत नाही. मी म्हणाले, "मग सांगायचं होतं मला. एकटीला बाजूला घेऊन सांगायचं होतं."

"क्षयाची बाई म्हणून कळलं असतं तर नोकरी गेली असती. खोली गेली असती. तो काळ तसा होता. सोवळ्याची म्हणलं की लोक आपण होऊन चार पावलं लांब सरकतात, वर मान देतात. विचारत नाय कुणी. मला ते सोयीचं पडलं."

"सोयीचं."

"व्हय."

"म्हणजे तुमचं दुखणं झाकायला तुम्ही माझ्या जातीचा आडोसा केला. माझ्या नणंदेनं तुमच्या तोंडावर विटाळ म्हटलं, तरी तुम्ही तसंच वाटू दिलं. माझे मालक मरेपर्यंत तेच समजत राहिले, बाई."

"व्हय," बाई म्हणाल्या. "तसंच केलं."

माफी मागितली नाही. रडल्या नाहीत. एखादा दाणा दाबून रकान्यात लिहावा तसं सांगितलं. खोटं बोलल्या असत्या किंवा डोळ्यांत पाणी आणलं असतं तर मी त्यांचा हात धरला असता, मला वाटतं. पण त्या नुसत्या खऱ्या बोलल्या आणि मला ते झेपलं नाही.

वाफ चौघींच्या तोंडावर येत होती. मग बाईंनी पिशवीत हात घातला आणि स्टीलची एक लहान वाटी काढली. म्हणजे त्या वाटी घेऊन आल्या होत्या. फोनवर मी सालीतलं मिळतं म्हणाले ते त्यांना पटलं नसावं, तरी आल्या होत्या, आणि वाटी घेऊन आल्या होत्या. ती वाटी त्यांनी माझ्यापुढं धरली.

"घाल मला त्यातलं," त्या म्हणाल्या. "गंगापूर, तूच घाल."

पळी माझ्याच हातात होती. भरलेली होती. मला फक्त हात लांब करायचा होता.

मी पळी भांड्याच्या कडेला टेकवली आणि म्हणाले, "हात धुऊन येते."

बेसिनपाशी मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. नळ सोडून ठेवला आणि आरशात बघत राहिले. मला त्यांना वाट बघायला लावायची होती, एवढंच मला तेव्हा कळत होतं. मी वाट बघितली, आता तुम्ही बघा. परत आले तर बाईंची वाटी रिकामी होती आणि त्या ती रुमालानं पुसत होत्या. शकीला माझ्या कानाशी आली. "मैं ने दी. पूरा पी गई. फिर से मांगी, दो बार." तिचे डोळे लाल झालेले.

ज्याच्यासाठी मी एवढा घाट घातला ते झालं होतं, आणि मी तिथं नव्हते.

बाहेर रिक्षा बोलावली. बाईंना मंगलनं आणि मी धरून बसवलं. त्यांनी कागदाची पुडी सोडली. सालं एका बाजूला, आणि उरलेल्या दोन फोडी. त्या दोन फोडी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या. त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. आजवर त्यांनी कुणाला आपल्या हातचं काही दिलं नव्हतं. आणि इथं मला पहिल्यांदा दिसलं की हे तर मी कधी मोजलंच नव्हतं. सोवळं पाळणारा माणूस दुसऱ्याचं घेत नाही, पण देतो. वरून का होईना, देतो. माझ्या बापाला चहा दिलाच होता ना. बाई घेतही नव्हत्या आणि देतही नव्हत्या. आणि कुठली सोवळ्याची बाई पंगतीत अंडं सोलते? शंभर दाण्यांत एक चुकला तरी पुन्हा मोजायला लावणाऱ्या बाईंच्या हाताखाली मी शिकले, आणि त्यांनाच एकदाही पुन्हा मोजलं नाही.

हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं. तरी तोंडातून काय आलं? "घरी जाऊन खाते."

"खा," बाई म्हणाल्या. रिक्षा गेली.

घरी जाऊन मी खाल्ल्या नाहीत. पर्सच्या आतल्या कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवल्या. राग गेलेला नव्हता आणि टाकूनही देववेना. मनात म्हणाले, संक्रांत झाली की गारखेड्याला जाईन. उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची दिली तर म्हणेन, आत बसते. त्यांच्या गिलासानं पाणी पिईन. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलेलं. संक्रांत झाली. माझा गुडघा दुखत होता. मग नातवाची परीक्षा. मग असंच काहीतरी.

मंगलचा फोन आला तेव्हा उन्हाळा लागत होता. "बाई गेल्या गं," ती म्हणाली. "भाच्यानं सोयगावला नेलं. आपल्याला उशिरा कळवलं. सगळं झालंय."

"कशानं?"

"वयानं. झोपेतच. शेजारीण सकाळी दूध द्यायला गेली तर." मग म्हणाली, "खोली आवरताना भाच्याला म्हणं एकच ताट सापडलं. एक ताट, एक गिलास, एक वाटी. तो म्हणाला, आत्याच्या घरी पाव्हणंच येत नव्हतं का?"

मी फोन ठेवला आणि पर्स शोधली. फोडी वाळून चामड्यासारख्या झालेल्या. कागदाला चिकटलेल्या. नखानं सोडवल्या तर आत चार बिया निघाल्या.

वाळलेल्या संत्र्याची बी बहुतेक उगवत नाही. हेही मला बाईंनीच शिकवलंय. तरी मी सुती फडकं ओलं केलं, चारी बिया ओळीनं मांडल्या, गुंडाळी केली आणि ओट्याखाली उबेला ठेवली. कॅलेंडरवर खूण केली. सून म्हणाली, "आई, हे काय?" मी म्हणाले, "नमुना आहे." "कुठला?" "सोयगावचा."

तीन आठवड्यांनी उघडलं. एकही उगवली नव्हती. पहिली दाबली, पचकन फुटली. दुसरीही तशीच. तिसरी जरा घट्ट वाटली, पण आतून काळी निघाली. बोटांना वास राहिला, साबणानं धुतलं तरी संध्याकाळपर्यंत येत होता.

चौथी मी दाबलेली नाही. पुन्हा फडक्यात ठेवली. रोज सकाळी चहाच्या आधी त्यावर पाणी शिंपडते. जुन्या वहीत रकाने पाडले आहेत, मेलेले तीन असं लिहिलंय, आणि त्याच्या शेजारचा रकाना अजून मोकळा आहे.